सोनजाळी

माझ्या थोरल्या दिरांनी माझ्या नवऱ्याचा डावा डोळा फोडला, तो टोमॅटोच्या पानांपायी. हे सांगितलं की लोक हसू दाबतात. जमिनीवरून डोळा फुटतो, दारूवरून फुटतो, बाईवरून फुटतो, हे त्यांना पटतं. पानं वाकडी झाली म्हणून फुटतो हे पटत नाही. पटायला आमच्या घरात राहायला हवं.

आमच्या आवारात दोन लांब पॉलिहाऊस आहेत, समोरासमोर. सासरे गेल्यावर एक थोरल्याकडे आलं, एक धाकट्याकडे, आणि मधल्या अंगणातली खोली सासूबाईंकडे राहिली. दोन्ही पॉलिहाऊसची दारं त्याच अंगणात उघडतात, त्यामुळे एका भावाला ठसका लागला तर दुसऱ्याला ऐकू जातो. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. थोरल्यांना मजूर पाठीमागे तोफ म्हणायचे. मी तोंडावर भाऊजी म्हणायचे आणि मनात जे म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्या आवारात बघण्यासारखी गोष्ट एकच होती, सासूबाईंच्या दारावरचा वेल. लोखंडी कमानीवर चढून तो पार छपरापर्यंत गेला होता. प्रत्येक हिरव्या पानावर सोनेरी शिरांचं बारीक जाळं, कुणी सुईनं भरतकाम केल्यासारखं. आम्ही त्याला सोनजाळी म्हणायचो. सासऱ्यांनी तो सासूबाईंसाठी कुठून तरी आणला होता, एवढंच मला माहीत होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बायकोसाठी असा वेल आणणारा माणूस मायाळूच असणार. नव्या सुनेला काहीही वाटतं.

डोळा गेला त्या दिवशी नवरा रोपांवर साबणाचं पाणी मारत होता. पाठीवर पंप, हातात लांब कांडी, कांडीच्या टोकाला पितळी तोटी. मी पुढच्या ओळीत बगलफुटवे खुडत होते. भाऊजी जाळीचं दार लाथेनं उघडून आत आले. त्यांच्या मुठीत टोमॅटोचे शेंडे होते. पानं आकसलेली, कडा वर वळलेल्या, पिवळट, आवळलेल्या मुठीसारखी. आमच्याकडे याला बोकड्या म्हणतात. पण भाऊजींचं म्हणणं होतं की हा बोकड्या नाही, माझ्या नवऱ्यानं मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी तणनाशक फवारलं आणि ते त्यांच्या पिकावर उडालं.

हे अगदीच खुळचट नव्हतं. तणनाशकाचा वारा लागला की टोमॅटोचे शेंडे असेच पिळवटतात, आणि टोमॅटोवाला शेजाऱ्यावर पहिला संशय घेतो तो तणनाशकाचाच. मागे एकदा नवऱ्यानं अंगणातल्या गवतावर ते मारलंही होतं. पण त्या दिवशी पंपात साबण होता. नवरा शांतपणे म्हणाला, झाकण उघड आणि वास घे.

भाऊजींनी झाकण उघडलं. वास घेतला. साबणाचा वास मला दोन ओळी पलीकडे येत होता, तो त्यांना आला नसेल असं होणार नाही. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातली कांडी हिसकली आणि तोंडावर मारली. पहिला फटका गालावर बसला. दुसऱ्या फटक्याला तोटी डोळ्यात गेली. नवरा पंपासकट ओळीत कोसळला, सुतळ्या तुटल्या, चार-पाच झाडं त्याच्या अंगावर आली, आणि भाऊजी त्या झाडांवरूनच त्याला लाथा घालत राहिले. मी त्यांच्या पाठीवर क्रेट आपटला. तो फुटला, त्यांना काही झालं नाही. हिरव्या टोमॅटोंचा चेंदा आणि नवऱ्याचं रक्त साबणाच्या फेसात मिसळून ओळीतून वाहत गेलं. वास घेऊन मग मारलं, हे मी कधीही विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या.

"पडला. तारेच्या खांबावर."

इतक्या सहज बोलल्या की डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर संतापले. त्या म्हणाल्या, घरातलं घरात. सासूबाईंचं डावं मनगट वाकडं आहे, हाड चुकीचं जुळलेलं. ते कसं झालं हे कुणी विचारलं की त्या असंच सांगायच्या, पडले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी रागात होते, आणि रागात माणसाला समोरचंही दिसत नाही.

नवरा घरी आला. डोळा गेला तो गेलाच. तो त्यावरही थट्टा करायचा, म्हणायचा की आता निम्मीच झाडं दिसतात, काम निम्मं झालं. पण भाऊजींनी एक दिवस अंगणात उभं राहून सगळ्या मजुरांसमोर सांगितलं की पुन्हा माझी पानं वाकली तर दुसराही डोळा जाईल. त्या संध्याकाळी नवऱ्यानं गोदामातून पहार आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी केली.

मी विचारलं, ही कशाला. तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी वास घे म्हणणार नाही."

माझा नवरा ओरडणारा माणूस नाही. भाऊजींचा राग नाकावर असतो, याचा पोटात असतो, आणि पोटातला राग एकदाच बाहेर येतो. याच्या हातात पहार गेली तर दुसरा फटका मारायची वेळ येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. एक भाऊ मातीत जाईल आणि दुसरा तुरुंगात. मला माझा नवरा घरात हवा होता, एका डोळ्याचा का होईना. आणि त्याला घरात ठेवायचा तर एकच गोष्ट करायला हवी होती. पुढच्या हंगामात पानं वाकता कामा नयेत. लोक देवाकडे काय काय मागतात. मी सरळ पानं मागत होते.

म्हणून रोग तपासणाऱ्या केंद्रातल्या बाईंना मीच फोन केला. आम्ही त्यांना रोगवाल्या बाई म्हणायचो, आणि त्यांना ते नाव आवडायचंही. जुनं पीक अजून उभं होतं. त्या गळ्यात भिंग अडकवून आल्या, आकसलेली पानं उलटसुलट केली, पिशवीत भरून घेऊन गेल्या, आणि परत आल्या तेव्हा म्हणाल्या की हे तणनाशक नाही. हा विषाणू आहे आणि तो पांढरी माशी आणते. माशी आजारी झाडाचा रस पिते, मग चांगल्या झाडावर बसते, झालं. मातीत हा विषाणू राहत नाही, त्याला जिवंत झाड लागतं. टोमॅटो उपटून टाकला, शेत रिकामं ठेवलं, तरी तो दुसऱ्या कुठल्या तरी झाडात मुक्कामाला असतो आणि नवी लागवड झाली की माशीबरोबर परततो. पुस्तकात अशा झाडांना पर्यायी यजमान म्हणतात म्हणे. मला हसू आलं. आमच्या घरात पाहुण्याला पाणी विचारायची मारामार, आणि आवारात कुठे तरी एवढा अगत्यशील यजमान बसलेला.

"ते झाड ओळखायचं कसं?" मी विचारलं. "तेही असंच वाकडं होतं का?"

"काही होतात," त्या म्हणाल्या. "काहींना काहीच होत नाही. आरामात वाढतात, फुलतात. आजार नुसता सांभाळून ठेवतात."

त्यांनी काही तणांची नावं सांगितली. कामोनी, धोतरा, रानतंबाखू. हे मी भाऊजींना सांगितलं नाही, जाऊबाईंना सांगितलं, आणि जाऊबाईंनी योग्य वेळ बघून त्यांच्या कानावर घातलं, की तणांमुळेही पानं वाकतात असं लोक म्हणतात. तणनाशकाचं नाव आम्ही दोघींनी काढलं नाही. भाऊजी त्या तणांवर तुटून पडले. आवाराभोवती हिरवं म्हणून काही ठेवलं नाही. उपटलं, खणलं, पेटवलं. कुंपणाकडेला एका मजुरानं कामोनीचं एक झुडूप राहू दिलं होतं, काळी फळं खायला बरी लागतात म्हणून. भाऊजींना ते दिसलं. त्यांनी ठिबकची नळी काढली आणि त्या माणसाला कुंपणाला टेकवून मारलं. नळी काळी, जाड, आणि ती अंगावर बसायची तेव्हा कपडे वाळत घालताना झटकावेत तसा आवाज यायचा. माणूस आधी ओरडला, मग नुसता श्वास घेत राहिला. नवरा पहार घेऊन आमच्या दारात उभा होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि माझ्या पाठीला पहारीचं थंड लोखंड लागत होतं. दुसऱ्या दिवशी तो मजूर आला नाही, आणि परत कधी आला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नवी लागवड झाली. रोपं हातभर वर आली, सुतळ्या बांधल्या, पिवळे चिकट कागद टांगले. एका सकाळी मला आमच्या पॉलिहाऊसमध्ये पहिला वाकडा शेंडा दिसला.

मी इकडेतिकडे पाहिलं. झाड मुळासकट उपटून पिशवीत कोंबलं, तोंड गाठ मारून बंद केलं आणि पोटाशी धरून बाहेर आले. अंगणात समोरून जाऊबाई येत होत्या. त्यांच्या ओच्यात तशीच पिशवी होती.

आम्ही दोघी जावा कधी मनमोकळं बोललो नव्हतो. त्यांच्या अंगावरचे डाग मी पाहायचे आणि त्या मी पाहिले हे पाहायच्या, एवढंच. त्या सकाळी त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मी त्यांच्या. त्या म्हणाल्या, "यांना दिसलं तर?" मी म्हणाले, दिसू द्यायचं नाही. त्यानंतर रोज नवरे उठायच्या आधी आम्ही आपापल्या ओळी फिरायचो. वाकडं दिसलं की उपटायचं, पिशवीत घालायचं, जागी चांगलं रोप लावायचं. आयुष्यात कधी चोरी केली नव्हती, ती केली स्वतःच्याच पिकात. पण सुतळीला एक लाल चिंधी बांधायची असं आमचं ठरलं, म्हणजे कुठून उपटलं ते ध्यानात राहील. भाऊजींनी विचारलं तर सांगायचं, इथलं रोप मर लागून गेलं.

चिंध्या वाढत गेल्या तसं माझ्या लक्षात आलं की त्या कुंपणाच्या बाजूला नाहीत. जिथे सगळी तणं होती तिथे एकही नाही. आमच्याकडे सगळ्या चिंध्या दाराजवळ, अंगणाच्या टोकाला. जाऊबाईंकडेही तसंच. म्हणजे जे काही होतं ते अंगणात होतं. पण अंगणात गवताची काडीही उरली नव्हती.

मी पुन्हा रोगवाल्या बाईंना बोलावलं. दुपारी, भाऊजी बाजारात गेलेले असताना. त्यांनी आमच्या चिंध्या पाहिल्या, जाऊबाईंच्या पाहिल्या, मग अंगणाच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच वर पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्यांच्या चेहऱ्यावरून समजले.

त्यांनी सोनजाळीचं एक पान अलगद उलटं केलं. खाली पांढऱ्या माश्या बसल्या होत्या, तांदळाच्या कण्यांसारख्या.

सासूबाई दारात स्टुलावर बसून सुतळ्यांच्या गुंड्या करत होत्या. बाईंनी त्यांना विचारलं की ही सोनेरी नक्षी पानांवर कधीपासून आहे. सासूबाई म्हणाल्या, आणला तेव्हापासून, तेवढ्यासाठीच तर लोक लावतात. कधी आणला, बाईंनी विचारलं.

"हात मोडला तेव्हा. दुसऱ्या दिवशी यांनी आणून दिला."

"तुम्ही पडलात तेव्हा?" मी विचारलं.

सासूबाईंनी गुंडी फिरवायची थांबवली. माझ्याकडे पाहिलं नाही, वेलाकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "पडले तेव्हा." मग पुन्हा सुतळी गुंडाळू लागल्या, वाकड्या हातानं धरून आणि चांगल्यानं फिरवून. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. सासरे, भाऊजी, जाऊबाईंच्या अंगावरचे डाग, आणि ती "पडला" म्हणण्याची सहजता. मला त्या म्हाताऱ्या बाईची दया आली आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदम.

बाई पानं घेऊन गेल्या आणि काही दिवसांनी त्यांचा फोन आला. वेलातही तोच विषाणू आहे. ती सोनेरी नक्षी म्हणजेच रोग. नक्षीसाठी लोक त्याची कलमं करतात, कलमाबरोबर रोगही जातो, आणि वेलाला मात्र काही होत नाही, त्याला त्याची सवय झालेली असते. तो काढावाच लागेल. पण त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली. आधी माशी मारायची, मग वेल काढायचा. सकाळी गारव्यात, माशी सुस्त असताना, संपूर्ण वेल औषधानं भिजवायचा, माशी मेली याची खात्री करायची, फांद्या पिशवीत घालून मग कापायच्या. उन्हात नुसता हलवला तरी सगळी माशी उडून टोमॅटोवर जाईल आणि मग कुणी काही करू शकणार नाही.

हे दोन्ही भावांना एकत्र सांगायला हवं होतं. वेल दोघांच्या आईचा होता, दार दोघांच्या मधलं. मी सासूबाईंच्या खोलीत सगळ्यांना चहाला बोलावलं. चूक केली ती वेळेची. दुपार होती, ऊन कडक होतं, दोन्ही पॉलिहाऊसचे बाजूचे पडदे वर गुंडाळलेले, दारं उघडी. पण भाऊजी शांत असण्याची वेळ तीच, जेवण झाल्यावरची. मी बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. नवरा एका डोळ्यानं कपातल्या चहाकडे बघत होता. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की नक्षी म्हणजेच रोग का, आणि मी हो म्हणाले.

भाऊजींनी चहाचा घोट घेतला. मला क्षणभर वाटलं, निभावलं.

मग जाऊबाई बोलल्या. त्या बाईनं त्या घरात बोललेली ती पहिली धड गोष्ट असेल. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे तणनाशक नव्हतंच."

वेल खरा ठरला तर डोळा फुकट फोडला हे खरं ठरत होतं, आणि ते भाऊजींना गिळता येणार नव्हतं. त्यांनी जाऊबाईंच्या तोंडावर उलट्या हातानं मारलं. कप उडाला, त्या भिंतीवर आदळल्या आणि त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली. नवरा उठला. भाऊजी त्याच्याकडे वळलेच नाहीत, बाहेर गेले. कोपऱ्यातला कोयता उचलला आणि म्हणाले, "रोग पाहिजे ना तुम्हाला, हा घ्या."

पहिला घाव कमानीवर बसला आणि वेलाची अर्धी छत्री खाली आली. तिच्याबरोबर माशी उठली. मी पांढरी माशी पानाखाली पाहिली होती, एवढी एका वेळी कधी पाहिली नव्हती. कुणी पिठाचं पोतं झटकावं तसा ढग उठला, उन्हात हलला आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या दारांकडे सरकू लागला. मी ओरडत धावले की थांबा, माशी उडतेय, आधी औषध मारायचं होतं. भाऊजींनी माझे केस धरले. माझं तोंड त्या तुटलेल्या फांद्यांत दाबलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि दर वेळी विचारलं की हा का, हा का रोग. कमानीच्या तुटलेल्या तारेनं माझी भुवई फाटली. माझ्या तोंडात पानं होती, नाकात माश्या होत्या. कोयता त्यांच्या दुसऱ्या हातात होता आणि तो माझ्या मानेजवळ कुठे तरी होता.

नवऱ्याची पावलं मला ऐकू आली. तो आमच्या स्वयंपाकघराकडे धावला. मला कळलं तो कशाला गेला, आणि त्या अवस्थेतही मनात आलं, झालं, संपलं, आता हा तुरुंगात जाणार. मग दाराआड काही तरी आपटल्याचा आवाज आला आणि नवऱ्याचा आवाज, जरा चक्रावलेला.

"पहार कुठे आहे?"

पहार सासूबाईंच्या हातात होती. आम्ही सगळे आरडाओरडा करत असताना त्या मागच्या दारानं जाऊन ती घेऊन आल्या होत्या. ती त्यांच्याहून थोडीच बुटकी होती. त्यांनी ती वाकड्या हातावर तोलली, चांगल्या हातानं उचलली, आणि मुलाच्या कोयता धरलेल्या मनगटावर मारली. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. कोयता पडला. भाऊजींनी माझे केस सोडले आणि गुडघ्यावर आले. सासूबाईंनी पुन्हा मारलं, या वेळी खांद्यावर. ते आई म्हणाले. सासूबाईंनी तिसऱ्यांदा मारलं आणि मग धाप लागून थांबल्या.

"हे तुझ्या बापाला द्यायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या.

नवरा धावत आला तेव्हा भाऊ त्याच्यापुढे गुडघ्यावर होता, हात छातीशी धरून, आणि कोयता दोघांच्या मध्ये पडला होता. नवऱ्यानं तो उचलला. मी उठायचा प्रयत्न केला, रक्त डोळ्यात जात होतं, मला नीट दिसतही नव्हतं. भाऊजींनी वर पाहिलं आणि मान खाली घातली. सासूबाई मध्ये आल्या नाहीत, हातही धरला नाही. नुसत्या म्हणाल्या, "तुझा वाटा मी देऊन टाकला. तू आता पंप भर."

नवरा उभा राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यानं कोयता पाण्याच्या टाकीत टाकला आणि पंप भरायला गेला.

आम्ही औषध मारलं. नवऱ्यानं आमच्याकडे, जाऊबाईंनी नाकाला फडकं बांधून त्यांच्याकडे. पडदे खाली सोडले, दारं लावली, ओल्या वेलावर प्लास्टिक टाकलं. खूप उशीर झाला होता हे आम्हाला माहीत होतं. पुढे व्हायचं ते झालंच. दोन्ही पॉलिहाऊसमधली पानं वाकली, दारापासून पार शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तो हंगाम आम्ही सगळ्यांनी मिळून उपटून टाकला. पण त्या वेळी वाकलेली पानं बघून कुणी कुणाच्या दारात गेलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही सगळे दवाखान्यात होतो. माझी भुवई, जाऊबाईंचं नाक, भाऊजींचं मनगट. एका बाकावर ओळीनं बसलो होतो, आणि नवऱ्याला एवढ्यातही सुचलं की आज याच्यापेक्षा मीच धडधाकट दिसतो. डॉक्टर तेच होते. त्यांनी आधी भाऊजींना आत घेतलं, हात पाहिला आणि विचारलं, कसं झालं.

"पडलो," भाऊजी म्हणाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत आल्या.

"पडला नाही. मी मारलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या उंचीकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं असावं की म्हातारी गोंधळलीय. त्यांनी पुन्हा विचारलं. सासूबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. मग माझ्या नवऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, याचा डोळा यानं फोडला, त्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. या दोघींनाही यानंच मारलंय. भाऊजी खाली बघत राहिले. कुणीही सासूबाईंना घरातलं घरात म्हणालं नाही. म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मग त्यांनी बाही वर सारली आणि आपलं वाकडं मनगट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"आणि हे याच्या बापानं," त्या म्हणाल्या. "हेही बघा."